अठराव्या नंबरचा कॅन

सरूबाईच्या दुधाच्या नळीतलं निळं तिसऱ्या दिवशीही अर्ध्या तासात गेलं. चेअरमन आण्णा म्हणाले, "उद्या एक डाव बघा. उद्याबी गेलं तर तिचं दूध बंद."

चौसाळ्याजवळच्या आमच्या दूध सोसायटीत मी टेस्टिंग करायचे. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं डेअरीच्या पुस्तकांतून आणि चुका करत शिकले. साल दुष्काळाचं, गावाची जनावरं चारा छावणीत. सरूबाईचं घर दोन म्हशींवर चाललेलं. दूध बंद म्हणजे चूल बंद.

टेस्ट तशी सोपी. दुधात निळ्या औषधाचे थेंब टाकायचे अन् नळी कोमट पाण्यात ठेवायची. दुधातले जंतू दुधातली साखर खातात. त्यांच्या अंगातली एन्झाइम त्या साखरेतून ताकद काढतात. तुमच्या-माझ्या अंगातली भाकरीतून काढतात ना, तसंच. ते काम चालू असताना दुधातला ऑक्सिजन संपतो आणि निळं पांढरं होतं. जंतू जास्त, तर निळं लवकर जाणार.

आण्णांच्या मंडळी, माई, त्यांची नळी मात्र दुपारपर्यंत निळीशार. "आमची म्हैसच जातिवंत हाय," माई सांगायच्या. "सरूला भांडी घासायचा कंटाळा."

सरूबाई माझ्याकडं आली. "आक्का, राखेनं घासते वो मी. तुमी येऊन बघा की."

त्याच दिवशी संध्याकाळच्या धारेला छावणीत गेले. कॅन विसळायला टँकरचं एकच बादली पाणी. बायका ओळीनं उभ्या. पहिल्या माई, चेअरमनच्या घरच्या ना. कॅन विसळायचा आणि पाणी परत बादलीतच ओतायचं, कारण दुष्काळात पाणी सांडायचं कुणी? मग दुसरी, तिसरी. सरूबाई अठरावी. तिच्यापर्यंत येईतो पाण्याचं ताक झालेलं. सतरा घरचे जंतू तिच्या कॅनमध्ये मुक्कामाला.

मी आण्णांना म्हणाले, "उद्या सकाळी ओळ उलटी लावा."

"कावून?"

"म्हशींची जात तपासायची हाय."

जातीचं नाव काढल्यावर माईच पुढं होऊन ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या.

सकाळी अठराही नळ्या पाण्यात ठेवल्या. आण्णांचा चहा संपायच्या आत माईंची नळी पांढरी. सरूबाईची दुपारी जेवून आलो तरी निळी.

"म्हशीला दिष्ट लागली," माई म्हणाल्या.

आण्णा आवाज खाली करून म्हणाले, "आक्का, बाहेर कुठं बोलू नका हे."

"आण्णा, दारात सगळ्या जणी उभ्या हायत."

पाणी काही वाढणार नव्हतं. मग ठरलं, प्रत्येकीला बादलीतून एक तांब्या, आणि कॅनमधलं पाणी परत बादलीत न्हाई, म्हशीच्या अंगावर. विसळला की कॅन पत्र्यावर उन्हात पालथा. उन्हानं जंतू मरतात, अन् ऊन आमच्याकडं लई. आठवड्यात सगळ्यांच्या नळ्या दुपारपर्यंत टिकायला लागल्या अन् सरूबाईचं दूध चालू राहिलं.

मी काय शिकले? नळी फक्त दूध तपासते. ओळीत कोण कुठं उभं आहे ते बघायला खुर्चीवरून उठावं लागतं, आणि मी तीन दिवस उठले नव्हते.