उमरग्याहून येणारं मटण

लोहाऱ्यात आमचं किराणा दुकान आहे आणि त्याच्या बरोबर समोर बब्रुवान खाटकाचं मटणाचं दुकान. आम्ही लिंगायत. गल्ल्यावर बसताना तिकडं पाठ करून बसायचं, असा आमच्या वडिलांचा दंडक होता. पण पाठ केली की गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून तो दंडक खुद्द वडिलांनीच कधी पाळला नाही. मी तर जन्मापासून ते दुकान बघतोय. खात नाही, पण मांडी कुठली आणि चाप कुठली हे मला रस्त्याच्या अलीकडून कळतं.

बब्रुवानच्या आजानं निजामाच्या राज्यात लिंबाखाली हा धंदा मांडला. तेव्हा तराजू नव्हता. पळसाच्या पानावर वाटे लागायचे आणि प्रत्येक वाट्यात थोडं काळीज, थोडी चरबी आणि एखादी नळी आलीच पाहिजे, असा रिवाज होता. पुढं तराजू आला. पानं जाऊन रद्दी आली, रद्दी जाऊन काळी पिशवी आली. काळ्या पिशवीनं आमच्यातल्या काही जणांची फार सोय केली, यापेक्षा जास्त मी बोलत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट तेवढी बदलली नव्हती. बकरं सोलायचं, फोडायचं, विकायचं खाटकानं. पण त्याचा जीव घ्यायचा मुलाण्यानं. जत्रेचं असो की दुकानातलं, मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय ते मटण आमच्याकडची जुनी हिंदू घरंसुद्धा चुलीवर चढवायची नाहीत. त्याबद्दल मानेचा वाटा मुलाण्याचा. बब्रुवानच्या दुकानात हे काम दस्तगीरचाचांचं होतं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. चाचा सकाळी फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन यायचे, तरटाच्या पडद्याआड जायचे आणि काम झालं की हातपाय धुऊन माझ्या पायरीवर चहा प्यायला बसायचे. बब्रुवान पन्नाशीला आला तरी ते त्याला बब्रूच म्हणायचे.

मग एका रविवारी रांगेतल्या दोन-तीन पोरांनी बब्रुवानला विचारलं, तुमच्याकडं कापतं कोण? मुलाणी कापतो म्हटल्यावर ती म्हणाली, तुम्ही स्वतः कापत असाल तर घेऊ, नाहीतर दुसरीकडं बघू. बस, एवढंच. दमदाटी नाही, आरडाओरडा नाही. पोरं रोजच्या गिऱ्हाइकांचीच होती. त्याच वेळी बब्रुवाननं 'बघा मग दुसरीकडं' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण हा गडी मुळात भित्रा. आख्खं बकरं फोडेल, पण माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढं रिकामं दुकान उभं राहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं की धंदा बसलाय, आता इथं बकरं पाडणं परवडत नाही, उमरग्याहून कापलेला माल थोडा थोडा आणतो. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दिवस येतात आणि जातात म्हणाले आणि सुरी तशीच फडक्यात घेऊन घरी गेले. उमरग्याहून काहीच येत नव्हतं. तरटामागं बब्रुवान स्वतःच सत्तूर चालवायला लागला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी जीव घेतला नव्हता. यालाही ते येत नव्हतं. त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, त्याला तोंडावर सांगितलं की तुम्ही कापलेलं मी शिजवणार नाही. खाटकाच्या घरात रविवारी पिठलं व्हायला लागलं.

बब्रुवानला वाटलं, चाचा आता घरी बसतील. पण चाचांनी त्याचं खोटं खरं मानलं आणि मनाला लावून घेतलं. ते गावभर फिरून सांगायला लागले की बब्रूचा धंदा बसलाय, मटण त्याच्याकडनंच घ्या. टेलरला सांगितलं, जीपवाल्यांना सांगितलं, तहसीलच्या शिपायाला सांगितलं. माझ्याकडंसुद्धा आले. म्हणाले, तुम्ही खात नाही, पण तुमच्या वळखीतल्यांना सांगा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं तरटामागं काय चाललंय ते. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. म्हाताऱ्याला त्याच्या तोंडावर कोण सांगणार?

संध्याकाळी मी बब्रुवानला झापलं. तुझ्यासाठी ते दारोदार फिरतायत, निदान खरं तरी सांगून टाक म्हटलं. त्याचा चेहरा काळवंडला. उद्या सांगतो, म्हणाला. त्याचा तो उद्या काही उगवला नाही. चाचा समोरून जाताना दिसले की तो आत जाऊन उगाच पाणी मारत बसायचा. लाजेनं माणूस खंगतो असं ऐकलं होतं. हा माझ्या डोळ्यांदेखत खंगत होता आणि तरीही बोलत नव्हता, याचा मला रागही यायचा आणि कीवही.

आखाडातला शेवटचा रविवार उजाडला. खाटकाची दिवाळीच ती. मी नुकतं शटर वर करत होतो, तेवढ्यात चाचा येताना दिसले. हातात दावं, दाव्याला घरी वाढवलेला काळा बोकड. आज गर्दीला माल कमी पडंल, म्हणून बब्रूला देतो, सावकाश पैसे दे म्हणतो, असं मला सांगत ते रस्ता ओलांडायला लागले. पडद्यामागून नुकताच सत्तुराचा आवाज आला होता. चाचा, आधी चहा घ्या, म्हणत मी मागं धावलो आणि जन्मात पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढलो. पण तोवर चाचांनी बोकड नेहमीच्या खुंटीला बांधायला तरट वर केलं होतं.

आतल्या बकऱ्यावर पहिला घाव नीट बसला नव्हता. दुसराही नाही. जनावर पाय झाडत होतं आणि बब्रुवान सत्तूर धरून नुसता उभा होता. चाचा खाली बसले, जनावराच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि ते शांत होईपर्यंत तिथंच बसून राहिले. मग सत्तूर बब्रुवानच्या हातातून घेऊन अंगठ्यानं धार बघितली.

"धार न्हाय ह्याला, बब्रू. लई तरास झाला जनावराला."

ते दगडावर सत्तूर घासायला लागले. बब्रुवान त्यांच्यासमोर मटकन बसला.

"चाचा, म्या तुमाला खोटं सांगितलं."

चाचांचा हात थांबला नाही. ते खाली बघतच म्हणाले, "नको म्हणला असतास तर म्या गुमान घरी बसलो असतो. आता गावभर सांगत फिरलो, बब्रूचा धंदा बसला म्हणून. लोक काय म्हणले असतील मला? कुठल्या तोंडानं जाऊ आता त्या दारांवरनं?"

फसवलं कुणी आणि तोंड लपवायची वेळ कुणावर आली, हे ऐकून मला तिथं उभं राहवेना. त्यांनी धार लावलेला सत्तूर पाटावर ठेवला, हात धुतले आणि माझ्या पायरीकडं न बघता निघून गेले. बोकड खुंटीलाच राहिला.

बाहेर रांग लागली होती. त्यात ती पोरंही होती. बब्रुवान बाहेर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "मला कापाया येत न्हाय. आजवर चाचा कापायचे. आज मटण न्हाय." एवढं बोलून तो बोकडाचं दावं धरून मुलाणी गल्लीकडं गेला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण थोड्या वेळानं तो बोकडासकट परत आला. चाचा काय म्हणाले, मी विचारलं. चाचा म्हणाले होते की आता नको. उद्या पुन्हा कुणी विचारलं, कोण कापतं, तर तुलाच मान खाली घालावी लागेल. बोकड मात्र त्यांनी परत घेतला नाही. दिलेली वस्तू माघारी घेत नाहीत, म्हणाले.

त्यानंतर बब्रुवाननं सत्तुरानं जीव घेतला नाही. दुसरा मुलाणीही बोलावला नाही. आता खरोखरच उमरग्याहून कापलेलं मटण येतं, थोडं थोडं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय आणि धंदा खरोखरच बसलाय.

काळा बोकड दुकानापुढं बांधलेला असतो. चांगला दांडगा झालाय. नवखं गिऱ्हाईक विचारतं, हा कधी कापणार? बब्रुवान सांगतो, हा विकायचा न्हाय. दुपारी कधीतरी चाचा तिथून जातात. थांबतात, बोकडाला मूठभर पाला घालतात आणि पाठीवरून हात फिरवतात. तेवढा वेळ बब्रुवान तरटाआड जाऊन उभा राहतो. आणि मी, गल्ल्यावर तिकडं पाठ करून बसतो.