झांकी आमची आहे
संगणक शिक्षकांच्या परिषदेसाठी मी इंदूरला एक दिवस आधीच पोचलो, म्हटलं राजवाडा बघून घेऊ. रिक्षावाला मराठीच निघाला, पण त्याने रिक्षा मध्येच एका बंद मिलच्या फाटकाशी थांबवली. तिथे चार-पाच म्हातारे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची झांकी, म्हणजे चित्ररथ, उभी करत होते. रिक्षावालाही त्यांच्यासारखाच त्या मिलचा जुना विणकर. सीटखालून पाना काढून तो कृष्णाच्या फिरत्या चक्राचे नट आवळायला बसला.

"मिल तर बंद पडली ना?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "मिल मालकाची होती, भिया. त्याने बंद केली. झांकी आमची आहे. ही बंद करून दाखव म्हणावं!"

मग चक्राची एक बाजू माझ्या हातात दिली. "घट्ट धरा. राजवाडा काय भागून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी परिषदेत नाव नोंदवताना माझी बोटं ग्रीसने काळी होती. हॉटेलात साबण होता. मी लावला नव्हता.