तात्या परब आणि पंचवटी

गावाला निघालेल्या माणसाला लोक विचारतात, 'परत कधी येणार?' आमच्या शेजारचे, मूळ मालवणचे तात्या परब विचारायचे, "गाडीचा नाव काय?" आणि नाव ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची किंवा असलेली आठी जायची. बहुतेक वेळा उमटायचीच.

मुलुंडच्या आमच्या चाळीत तात्यांची खोली जिन्याच्या तोंडाशी होती, त्यामुळे त्यांना चुकवून कुणालाही प्रवासाला निघता येत नसे. भांडुपच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, चार पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांचा सिद्धांत असा की गाडीला एखाद्या स्थळाचं नाव दिलं की त्या स्थळाचं नशीबही गाडीला चिकटतं. "नाव ठेवला काय गुण लागता," असं ते ठासून सांगायचे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाणारा माणूस त्यांच्या लेखी आईच्या कुशीत बसलेला. पण माझा भाऊ मुलाखतीसाठी सिंहगड एक्स्प्रेसने पुण्याला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला जिन्यातच अडवलं.

"किल्लो घेतल्यानी खरो, पण घेणारो परत इलो? नाय मां?"

"तात्या, मी इंटरव्ह्यूला चाललोय यार, लढाईला नाही!"

"इंटरव्ह्यू म्हणजे लढायच रे ती," असं म्हणत तात्यांनी घरातून नारळ आणला आणि तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी, गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं सांगायला नको. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू परमुलखाक निघालाहा, तेच्या वाटेत काय आडवा-तिडवा इला तर तां दूर कर रे म्हाराजा!" आणि दारादारांतून आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" भावाला नोकरी मिळाली, तो धडधाकट परत आला. तात्यांनी त्याचं श्रेय नारळाला दिलं, गाडीला नाही.

आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण निघताना गाऱ्हाणं झालं नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं. भीतीला शहाण्या-वेड्याचं सोयरसुतक नसतं.

सगळ्या गाड्यांत तात्यांचा दात होता तो पंचवटी एक्स्प्रेसवर. त्यांची एकुलती एक मुलगी शैला माझ्या वर्गातली. तिला नाशिकचं स्थळ सांगून आलं, तेव्हा तात्यांनी मुलाची चौकशी कमी आणि गाड्यांची जास्त केली. शेवटी लग्नाला होकार दिला तो एका अटीवर. "जय्‌सून सीतामाईक पळवल्यानी, त्या नावाच्या गाडयेत माजा चेडू बसाचा नाय." शैला हसली आणि हो म्हणाली. दोन्ही घरं खूश राहावीत म्हणून ती लाल एस.टी.ने ये-जा करायची.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्या महिन्यात तिची आई, म्हणजे आमच्या काकू, ओटी भरून आल्या, आता तिला मुलुंडला आणायचं होतं. घाटातल्या खड्ड्यांमुळे एस.टी. नको, असं काकूंचं म्हणणं. लांबून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, असं जावयाचं म्हणणं. पंचवटीत बसायला हक्काची जागा मिळत होती, पण तिचं नाव काढलं की तात्या ताट सरकवायचे. आज बघू, सोमवारनंतर बघू, अमावास्या जाऊ दे, असं करता करता महिना सरला आणि नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आता प्रवास अजिबात करायचा नाही. काकू पिशवी भरून नाशिकला निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या ह्या रामायणात चेडू थयच रवला." त्या दिवसापासून तात्यांचं ताट आमच्याकडून जायचं, पण मीठ कमी की जास्त तेही ते बोलेनासे झाले.

एका संध्याकाळी खालच्या वाण्याकडे जावयाचा फोन आला. शैलाला दवाखान्यात नेलं होतं, पहाटेपासून कळा देत होती, पण ती अडली होती. कदाचित ऑपरेशन करावं लागेल. तात्या काउंटर धरून उभे राहिले. मी कचेरीतून नुकतीच आले होते. त्यांना एकट्याला सोडणं मला बरं वाटेना.

"आता गाडी कुठली, गो?" त्यांनी विचारलं.

मी नाव घेतलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चपला घातल्या.

आम्ही लोकलने कल्याण गाठलं, तिथे पंचवटी आली. खिडकीशी बसल्यावर तात्यांनी हात जोडले आणि पुटपुटत गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, माज्या भितीन चेडवाचो घात केलो. तेची सजा माका दी, तेका नको रे म्हाराजा." मग ते थांबले. साथ द्यायला चाळ नव्हती. मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." समोरच्या बाकावरची कुणी अनोळखी बाईही हळूच म्हणाली.

कसाऱ्याला गाडी उभी राहिली. घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, हे तात्यांना माहीत होतं. तरी ते "थांबली, थांबली" म्हणत माझं मनगट आवळत राहिले. शैला माझी मैत्रीण होती आणि तिचं काय झालंय हे त्या डब्यात कुणालाच कळणार नव्हतं.

नाशिक रोडला जावई फलाटावर उभा होता. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत," तो ओरडला. तात्या तिथेच सामानाच्या हातगाडीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ते दारातच घुटमळले. शैला थकलेली होती, पण तिची जीभ शाबूत होती.

"तात्या, आत या ना. कशानं आलात?"

"पंचवटीन."

"मग? झालं काही?" तिने बाळ त्यांच्याकडे सरकवलं. "तुम्ही ना, त्या पंचवटीतलं एक हरणच लक्षात ठेवलंत. सीता तिथे इतके दिवस रामाबरोबर सुखानं राहिली, ते नाही का आठवत? हरण एकाच दिवशी आलं."

बाळाच्या मुठीत तात्यांनी बोट दिलं.

त्यानंतर ते बदलले असं मी म्हणणार नाही. कुलूप दोनदा ओढणं चालूच राहिलं, गाडीचं नावही विचारायचेच. पण शैला मात्र लेकीला घेऊन पंचवटीनेच यायची आणि तात्या तिला आणायला कल्याणपर्यंत जायचे.

निवृत्तीनंतर तात्या-काकू कायमचे मालवणला निघाले. तिकडे अजून रेल्वे नव्हती. छातीच्या दुखण्याने तात्या खंगले होते. एस.टी.च्या थांब्यावर मीच त्यांच्यासारखी झाले. औषधं घेतलीत का, घाटात गाडी लागली तर, तिथे डॉक्टर किती लांब, असं विचारत राहिले. चाळीतल्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी गाऱ्हाणं घालायला लागले. "बा देवा महाराजा, आमच्या तात्यांना..." एवढ्यावरच मी अडले.

तात्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"हरण एकच दिस इला, गो बाय. बाकीचे दिस मोज."

आणि माझं अर्धवट गाऱ्हाणं तसंच ठेवून, सगळ्यांच्या आधी, तेच मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याची बातमी आली. माझी मुलगी आता एकटी प्रवास करते. ती निघाली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न गाडीच्या नावाचाच निघतो. ती नाव सांगते, मी घाबरते, आणि मग तात्यांचं ऐकून बाकीचे दिवस मोजायला बसते.