संपलं म्हण, मग देते

वडील मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असायचे आणि आमचा पिठाचा डबा वरचेवर रिकामा व्हायचा. पण घरातलं काही संपलं तरी 'वाढलं' म्हणायचं, ही आईची रीत. आजही ताज्या दळणाचा वास आला की फुलंब्रीकडच्या आमच्या गावातला पाटलीणकाकूंचा ओटा आठवतो. एकदा तिथं माझ्यासमोरच आईनं पदराआडचं पातेलं पुढं केलं. "पीठ वाढलंय, काकू."

"वाढलंय व्हय? मग आम्हालाच दे की!" ओट्यावरच्या बाया हसल्या. "संपलं म्हण, मग देते."

आई खाली मान घालून म्हणाली, "संपलं." घरी येईस्तोवर ती स्वतःशीच "वाढलं, वाढलं" पुटपुटत होती.

त्याच काकू आता शहरात आमच्या खालच्या मजल्यावर लेकाकडं राहायला आल्यात. आज सकाळी वाटी घेऊन दारात उभ्या. "साखर वाढलीय गं पोरी."

मी दारातून हललेच नाही. "संपली म्हणा, मग देते."

त्यांना ओटा आठवला. वाटीकडं बघत हळूच म्हणाल्या, "संपली."

मी वाटी शिगोशीग भरून दिली.

घरातली पहिली पदवी मी मिळवली, तेव्हा आई रडली होती. आज हे ऐकून ती पोट धरून हसली.