झाबकाच्या वळणाची मोरी

आर्डिथ कोल्टरमनला थुंकीची विलक्षण शिसारी होती आणि नशिबी आला रस्त्याकडेचा कचरा!

नेब्रास्कातला चौऱ्याहत्तर नंबरचा रस्ता हॉस्टेटर गावापासून नदीपर्यंत नाकासमोर जातो. वाकतो एकदाच, झाबकाच्या शेताशी. रस्ता आखला तेव्हा म्हातारा झाबका बंदूक घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसला, आणि सरकारने मुकाट वळण घेतलं. तिथेच आर्डिथच्या नवऱ्याने, डेल्बर्टने, एकतीस वर्षं रस्ताखात्याचा ग्रेडर, रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवला. तो गेल्यावर तिने तिथले दोन मैल दत्तक घेतले. वर्षातून तीनदा सफाई करायची, बदल्यात पाटी: 'डेल्बर्ट कोल्टरमनच्या स्मरणार्थ स्वच्छ'.

वापरलेले लंगोट, मेलेली रकून, तंबाखू थुंकलेल्या बाटल्या, सगळं ती चिमट्याने उचली. वर शिव्या घाली. "मेल्यांना आईनं थुंकायला बाहेरच शिकवलं वाटतं! माझ्या डेल्बर्टनं लग्नाआधी शपथ घेऊन तंबाखू सोडली."

यंदा वळण सरळ करायचं ठरलं. पाटी नव्या रस्त्यावर हलवावी म्हणून ती महिनोन् महिने खात्याच्या मागे लागली आणि मुकादम प्रूसा कबूल झाला. काम सुरू झालं त्या दिवशी ती मुद्दाम उभी होती. यंत्राने रस्त्याखालून पाणी जायची जुनी मोरी फोडली आणि आतून काचेच्या बरण्या घरंगळल्या.

"काकू, लांब व्हा!" प्रूसा ओरडला. "तपकिरी थुंकीनं गच्च भरल्यात. शी! जेवायच्या सुट्टीत कोणीतरी वर्षानुवर्षं..."

आर्डिथ वाकली. प्रत्येक बरणीच्या बुडाला लाल नेलपॉलिशने तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. बिटाच्या लोणच्याच्या तिच्या बरण्या! डेल्बर्ट त्या डब्यासोबत नेई, परत आणत नसे आणि सांगे, "लोर्नानं ठेवून घेतल्या." लोर्ना त्याची बहीण. त्या बरण्यांपायी आर्डिथने नणंदेशी वीस वर्षं अबोला धरला होता. डेल्बर्टच्या अंत्ययात्रेतही तिने लोर्नाकडे पाठ फिरवली होती.

तिला खरंच ओकारी आली. खड्ड्याशी बसून ती ओकली. नवऱ्याची किळस आली, आणि त्याहून स्वतःची.

"काकू, पाटी कुठे रोवू?"

"नको रोवू. दे टाकून."

एक बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून ती थेट लोर्नाच्या दारी गेली.

"वन्सं, बरणी सापडली."

लोर्नाने कागद सोडला, वास घेतला. भावाला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"धुऊन तरी आणायचीस, वहिनी," ती म्हणाली आणि तिला आत घ्यायला दारातून बाजूला सरली.