पोस्टरवरची उलटी जोडी

मंगळवारी सकाळी आठ चाळीसला डावरीमावशी चामड्याच्या पिशव्यांचे पट्टे कापत होत्या. वय अडुसष्ट. डावखुऱ्या म्हणून हे नाव पडलं, आणि कारखान्यात त्यांचं टेबलही इतरांपेक्षा उलटं लावलेलं. खिडकीतून समोरच्या जुन्या थिएटरची भिंत दिसते. त्या दिवशी तिथे एक चित्रकार जुनं पोस्टर बघून खडूनं जोडी आखत होता: सुऱ्या फेकणारा मिशाळ पुरुष आणि फळीला पाठ लावून हसणारी बाई. मावशींनी पट्टा अर्धवट सोडला. असं त्या करत नाहीत.

जोडी त्यांचीच होती. तरुणपणी नवराबायकोने याच थिएटरात सुऱ्यांचा खेळ केला. फक्त सुऱ्या मावशी फेकायच्या आणि फळीला नवरा उभा राहायचा. बाईने सुरी उगारलेली दिसली तर लोक घरच्यांना आणणार नाहीत, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं आणि पोस्टरवर जागा बदलल्या. फोटोवाल्यानेही तीच री ओढली. फोटोत नवऱ्याने सुऱ्या अशा धरल्यात की फेकायला गेला असता तर आधी स्वतःचीच बोटं गेली असती. मावशी तेव्हा गप्प बसल्या. रोज पडदा उघडला की खरं काय ते दिसायचंच. आता तो खेळ पाहिलेलं कुणी राहिलं नव्हतं. भिंत मात्र राहणार होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चित्रकाराला गाठलं. त्याने पोस्टर दाखवलं, फोटो दाखवला. दोन्हींत सुऱ्या पुरुषाच्याच हातात. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या थिएटरच्या मालकीणबाई समजुतीने म्हणाल्या की वयोमानाप्रमाणे आठवणींची सरमिसळ होते.

मावशींनी घरी फोन लावला. "अहो, सुऱ्यांची पेटी घेऊन या."

नवऱ्याने कारण विचारलं नाही. दर रविवारी मावशी परसातल्या फळीवर अजून हात चालवतात, तेव्हा सुऱ्या काढून देण्याचं काम त्याचंच असतं. तो आला, पेटी दिली, भिंतीकडे पाहून मिशी बरी जमलीय म्हणाला आणि चित्रकाराची एक रिकामी फळी भिंतीला टेकवून तिच्यापुढे उभा राहिला. मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. जबाबदारी कुणाची, असं विचारू लागल्या.

"पूर्वीपेक्षा रुंद झालोय," नवरा म्हणाला. "ध्यानात ठेव."

"रोज बघतेय. श्वास सोडा."

पहिली सुरी कानाजवळ बसली, दुसरी खांद्यालगत. मग सुऱ्या मोजून-मापून एका बाजूने खाली उतरल्या आणि दुसऱ्या बाजूने वर चढल्या. शेवटची दुसऱ्या काखेखाली; सदरा ढगळ होता, तरी त्याला धक्का लागला नाही. नवरा बाजूला झाला तेव्हा फळीवर सुऱ्यांनी आखलेला एक जाडा माणूस उरला होता. कारखान्याच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या, रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

चित्रकाराने मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघतोस काय, पूस."

त्याने ओल्या फडक्याने सुरुवात मिशीपासूनच केली.

"मिशी माझी आहे," नवरा म्हणाला. "ती फळीकडे न्या."

मावशी सुऱ्या पुसून पेटीत ठेवत होत्या. उरलेला पट्टा त्यांनी सुट्टी संपताच पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चित्रकार मावशींना समोर उभं करून त्यांचा उगारलेला डावा हात रेखाटणार होता. कारखाना साडेआठला उघडतो.