कपाटामागची भिंत

पूर ओसरला आणि मदत कचेरीत अर्जांचा पूर आला. बहुतेक अर्ज नुसते फोटो बघून मंजूर होत. तिथे कामाला असलेली ती मात्र पायपीट करून घरोघर पाहणीला जायची. एके दिवशी थोरल्या दिरांचा अर्ज आला. तिनं साहेबांना आधीच सांगून टाकलं, "अर्जदार माझे दीर आहेत. सोबत दुसरं माणूस द्या." साहेबांनी एका सहकाऱ्याला बरोबर धाडलं.

दिरांनी दारातच हात धरल्यासारखं आत नेलं. "बघ, छातीएवढं पाणी होतं!"

भिंतीला खरंच छातीपर्यंत चिखल होता. पण तो कपाटाच्या कडेशी येऊन थबकला होता.

"दादा, जरा हात लावा. कपाट सरकवू."

"कशाला? जड आहे ते."

तिनं नि सहकाऱ्यानं मिळून ते रेटलं. मागची भिंत कोरडी ठणठणीत. कोळ्याचं जाळंसुद्धा जागच्या जागी! चहा घेऊन आलेल्या जाऊबाई दारातच खिळल्या.

दीर हळूच म्हणाले, "घरचीच ना तू? डोळेझाक केलीस तर कुणाचं काय जातं?"

"ज्याचं खरंच वाहून गेलंय, त्याचं जातं, दादा."

अर्ज फेटाळला गेला. घरी सासूबाईंनी अबोला धरला. नवरा तेवढा म्हणाला, "बरोबर केलंस," पण तेही दबक्या आवाजात.

मग तिला नदीकाठचा म्हातारा शिंपी आठवला. फोटोत त्याच्या भिंती स्वच्छ दिसल्या म्हणून त्याला नकार मिळाला होता. ती त्याच्याकडे गेली. "घाण बघवेना, बाई, म्हणून घासून काढल्या," तो ओशाळून म्हणाला. तिनं त्याचंही कपाट सरकवलं. मागे चिखलाची रेघ, सरळ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. शिंप्याला मदत मिळाली. गंजलेल्या शिवणयंत्राच्या जागी नवं आलं. साहेबांनी हुकूमच काढला: सामान हलवून पाहिल्याशिवाय मंजुरी नाही. चिखल फासून ठेवलेल्या कितीतरी जणांनी आपापले अर्ज मुकाट मागे घेतले. कचेरीनं तिचं नाव ठेवलं 'कपाटबाई'. तिलाही ते मिरवायला आवडू लागलं.

एका संध्याकाळी शेजारीण सासूबाईंना खोचकपणे म्हणाली, "सुनेनं दिरालाही सोडलं नाही म्हणे!"

ती आत भाजी चिरत होती. हात थांबले.

"नाही सोडलं," सासूबाईंचा आवाज खणखणीत आला. "पोटचा पोरगा खोटा निघाला, जीव तुटला माझा. पण खरं बोलणारीही आमच्याच घरातली निघाली, हे विसरू नकोस!"